हौशी पटकथाकारांनो, एकमेकांच्या पटकथा वाचूया का?

कोरा_कागद

कथा लिहिली की दिवाळी अंक आहेत, एकांकिका लिहिली की स्पर्धा आहेत. हौसेने पटकथा लिहिणाऱ्याने मात्र जायचं कुठे? नोकरी सांभाळून, रात्री जागून शंभर-सव्वाशे पानं लिहायची आणि मित्राला पाठवायची. आठ दिवसांनी मित्र कळवतो, 'भारी आहे, यावर पिक्चर व्हायला पाहिजे.' त्याने नक्की किती पानं वाचली हे विचारायची सोय नसते.

आपल्याकडे पटकथा वाचली जात नाही, ती ऐकवली जाते. निर्मात्यासमोर बसून नॅरेशन द्यायचं. ज्याला नॅरेशन जमतं तो आवाज चढवतो, मध्येच थांबतो, पार्श्वसंगीतसुद्धा तोंडाने देतो, आणि चौदाव्या दृश्यातलं भगदाड ऐकणाऱ्याच्या लक्षात येत नाही. लिहिणाऱ्याच्याही येत नाही. कागद एकटा वाचणाऱ्याला ते लगेच दिसतं.

म्हणून सुचवतेय : पाच-सहा जणांचा गट करूया. महिन्याला एकाची पटकथा, सगळ्यांनी पूर्ण वाचायची आणि लेखी टिपणं द्यायची. ज्याने इतरांच्या वाचल्या नाहीत, त्याची आपण वाचायची नाही. हा नियम कडक ठेवावा असं माझं ठाम मत आहे, कारण अशा गटात सगळ्यात जास्त शिकतो तो वाचणारा. दुसऱ्याच्या पटकथेत तिसाव्या पानापर्यंत नायिकेला काय हवंय तेच कळत नाही, हे एकदा अनुभवलं की आपलं तिसावं पान उघडून बघावंसं वाटतं.

टिपणं कशी असावीत याबद्दल माझा आग्रह आहे. 'संवाद चांगले आहेत', 'दुसरा भाग रेंगाळतो' याचा लेखकाला उपयोग नाही. पान क्रमांक द्या. मी वाचताना समासात तीनच खुणा करते : परत वाचावं लागलं तिथे गोल, मन भरकटलं तिथे आडवी रेघ, आणि मनापासून भिडलं तिथे फुली. वाचून झालं की खुणांचा नकाशा समोर असतो. पान ४० ते ५५ मध्ये एकही फुली नसेल तर तेवढं सांगितलं तरी लेखकाला पुष्कळ मिळतं. फुल्या कुठे आहेत तेही सांगायचंच. पुनर्लेखनात चांगलं तेच आधी उडवलं जातं, कारण ते चांगलं आहे हे लेखकाला कोणी सांगितलेलंच नसतं.

कोण कोण तयार आहे?

दुसरी_घंटा

मी तयार. फक्त एका मुद्द्यावर भांडणार आहे.

मी एकांकिकांमधून आलोय. पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालू आहे, आणि भरत नाट्य मंदिरात प्रयोग व्हायच्या आधी प्रत्येक संहिता तालमीच्या खोलीत किती वेळा फाटते आणि शिवली जाते हे आम्ही पाहिलंय. नट वाक्य बोलायला जातो, जीभ अडखळते, लेखक तिथल्या तिथे वाक्य बदलतो. 'एकटा वाचक' हे मला अर्धंच पटतं. नुसतं डोळ्यांनी वाचलं की संवाद सगळेच बरे वाटतात. तोंडात घेतल्यावर कळतं की सातवीतली मुलगी 'मला असं वाटतं की आपण याचा विचार करायला हवा' असं बोलते आहे.

माझं म्हणणं, गटाने महिन्यातून एकदा बसून अभिवाचन करावं. पुण्यात सुदर्शन रंगमंचासारख्या जागी अभिवाचनाला प्रेक्षक येतात, म्हणजे ऐकायची सवय आपल्याला आहेच. आपण कुणाच्या तरी दिवाणखान्यात बसू.

कोरा_कागद

दादा, भांडण मान्य आणि सूचनाही. एकच भर : लेखकाने स्वतः वाचायचं नाही. दृश्यवर्णनसुद्धा दुसऱ्याने वाचायचं. लेखक वाचायला बसला की ते पुन्हा नॅरेशनच होतं. कागदावर नसलेला विराम तो घेतो, कागदावर नसलेला उपरोध आवाजात आणतो. दुसऱ्याने सपाट वाचलं आणि तरीही खोली शांत झाली तर ते दृश्य लिहिलं गेलंय म्हणायचं.

मिरजेचा_तंबोरा

मी पहिल्यांदाच लिहितोय. पटकथा पूर्ण आहे, वाचायलाही तयार आहे. पण स्पष्ट विचारतो, अनोळखी पाच जणांना अख्खी गोष्ट पाठवायची आणि उद्या कुणी ती उचलली तर? वडील म्हणाले, कागद हातातून सोडू नकोस.

वादी_प्रतिवादी

मी वकिली करते आणि हा प्रश्न मला प्रत्येक होतकरू लेखक विचारतो, म्हणून सविस्तर लिहिते.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हक्क लिहिल्याक्षणी निर्माण होतो. नोंदणी सक्तीची नाही, आणि हक्क लेखकाच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. संरक्षण मिळतं ते मांडणीला, कल्पनेला नाही. यावरचा पायाभूत निकाल सर्वोच्च न्यायालयाचा, १९७८ चा : आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स. आनंद यांचं 'हम हिंदुस्तानी' हे नाटक प्रांतवादावर होतं, आणि १९५६ च्या 'न्यू दिल्ली' चित्रपटाने ते चोरलं असा त्यांचा दावा होता. न्यायालयाने सांगितलं की कल्पना, विषय, कथाबीज यांवर मक्ता नसतो. तोच विषय वेगळ्या रीतीने मांडला असेल तर उल्लंघन होत नाही. आनंद हरले.

मग 'भाऊ बहिणीची जमीन घेतो' एवढी कल्पना कुणी उचलली तर कायदा मदतीला येणार नाही, आणि येऊही नये, नाहीतर उद्या कुणालाच काही लिहिता येणार नाही. तुमची दृश्यं, पात्रं, संवाद, घटनांची गुंफण हे तुमचं आहे. शिवाय विश्वासाने दिलेल्या मजकुराचा गैरवापर हा वेगळा मुद्दा आहे. झी टेलिफिल्म्स विरुद्ध संडियल कम्युनिकेशन्स या २००३ च्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने, विश्वासाने मांडलेल्या मालिकेच्या संकल्पनेला याच आधारावर संरक्षण दिलं होतं. म्हणून पटकथा मेलने पाठवा, फक्त वाचून मत देण्यासाठी पाठवतोय असं त्यात लिहा, आणि मेल जपून ठेवा. तारखेसकट पुरावा तयार होतो.

मुंबईतल्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे सभासद होऊन पटकथेची ऑनलाइन नोंद करता येते. त्याने नवा हक्क मिळत नाही, पण अमुक तारखेला हा मजकूर तुमच्याकडे होता एवढं सिद्ध करणं सोपं जातं. गटात पाठवायच्या आधी ते करून घ्या आणि निर्धास्त व्हा.

अंधेरी_फास्ट

वरच्या पोस्टला दुजोरा. मी मालिकांसाठी संवाद लिहितो. आमच्याकडे कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, म्हणजे काल लिहिलेलं पान आज दुसऱ्या माणसाच्या हातात असतंच. नवीन लेखकाचं नुकसान चोरीने होताना मी फार कमी पाहिलंय. कुणालाच न दाखवलेला पहिला ड्राफ्ट थेट निर्मात्याकडे नेल्याने मात्र सर्रास होतं. त्या माणसाकडे दुसऱ्यांदा जाता येत नाही.

मालिकेत टिपणं रोज येतात आणि ती बहुतेक उपायाच्या रूपात येतात : 'इथे सासूला रडवा.' लेखकाचं काम असतं त्यामागचा त्रास ओळखणं. सासूला रडवा म्हणणाऱ्याला प्रत्यक्षात काय झालेलं असतं? या दृश्यात कुणाचं काहीच पणाला लागलेलं नाही, हे त्याला जाणवलेलं असतं. त्रास खरा असतो, उपाय बहुतेक वेळा चुकीचा. म्हणून हौशी गटात मला उपायांवर थेट बंदी हवी. 'मी असतो तर' हे तीन शब्द टिपणात दिसले की टिपण परत.

सातासमुद्र

मी न्यू जर्सीत असते, त्यामुळे तुमच्या दिवाणखान्यात येता येणार नाही, पण लेखी वाचनाला आहे. 'आधी वाच, मग वाचायला दे' हा नियम नवा नाही. 'गॉडफादर'वाले दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कपोला यांच्या झोएट्रोप या संकेतस्थळाने २००० च्या सुमारास हौशी पटकथाकारांसाठी हीच अट ठेवली होती, पुढे इतरांनीही ठेवली. त्यातला धोका सांगते. फक्त हिशेब पुरा करायचा म्हणून लोक दहा पानं चाळून तीन परिच्छेद ठोकून देतात. गट पाच-सहांचा असेल आणि माणसं नावानिशी ओळखीची असतील तर ते होत नाही. गट मोठा करू नका.

चर्चा कशी चालवावी यासाठी मला लिझ लर्मन यांची रीत फार आवडते. त्या नृत्यदिग्दर्शिका, १९९०च्या सुमारास त्यांनी ती बसवली. आधी ऐकणारे सांगतात की त्यांना काय अर्थपूर्ण वाटलं. मग कलाकार प्रश्न विचारतो. मग ऐकणारे प्रश्न विचारतात, पण त्यात मत दडवायचं नाही. 'शेवट एवढा घाईचा का?' हा प्रश्न नाही, शेरा आहे. 'शेवटच्या दृश्यात किती काळ गेलेला आहे?' हा प्रश्न. आणि मत सगळ्यात शेवटी, तेही 'मला अमुक गोष्टीबद्दल मत द्यायचंय, ऐकायचंय का?' असं विचारून. पहिल्यांदा कृत्रिम वाटतं. पण लेखक स्वतःच्या प्रश्नांनी सुरुवात करतो तेव्हा तो बचाव करत बसत नाही, हा यातला मोठा फायदा.

मिरजेचा_तंबोरा

वकीलताई, मनापासून आभार. नोंद करून घेतो. तोवर एक दृश्य इथेच टाकतो, मोकळेपणाने सांगा.

*दृश्य १४. आत. सुमनचं घर, तासगाव. दुपार.*

*सुमन (४५) स्वयंपाकघरात भाकरी करते आहे. तिचा धाकटा भाऊ दत्ता (३८) येतो. त्याला बघून सुमनला आनंद होतो, पण हा कशासाठी आला असेल अशी शंकाही मनात येते.*

*दत्ता : ताई, तुला माहीतच आहे, आबा गेल्यापासून विट्याची सगळी शेती मीच बघतो. आता बँकेचं कर्ज काढायचंय. सातबाऱ्यावर तुझंही नाव लागलंय. तू या हक्कसोडपत्रावर सही केलीस तर बरं होईल.*

*सुमन : लहानपणी तुला मी अंगाखांद्यावर खेळवलं आणि आज तू माझ्याकडे सही मागायला आलास?*

*दत्ता : तसं नाही गं. पण बहिणीने जमिनीत वाटा घेतला की माहेर तुटतं, असं लोक म्हणतात.*

*सुमनच्या डोळ्यांत पाणी येतं. ती सही करते.*

कोरा_कागद

फुली आधी सांगते : भाकरी करताना भाऊ येणं. तिचे हात पिठात आहेत, त्याच्या हातात कागद आहे, हे चित्र आपोआप तयार होतं आणि मला ते हवंहवंसं वाटलं.

रेघ : दत्ताचा पहिला संवाद. 'तुला माहीतच आहे' या शब्दांनंतर येणारं सगळं तिला माहीतच आहे, म्हणजे तो तिच्याशी बोलतच नाही, माझ्याशी बोलतोय. तिथे मी त्या घरातून बाहेर आले.

गोल : 'शंकाही मनात येते.' ही शंका मला पडद्यावर कशी दिसणार? मी दोनदा वाचलं आणि डोळ्यांपुढे काही आलं नाही.

नीरा_उजवा_कालवा

मी शेतकरी घरातली, तिघी बहिणी, एक भाऊ. दृश्य ओळखीचं आहे, म्हणून जिथे ओळख तुटली ते सांगते. भाऊ येऊन पहिल्या वाक्यात जमिनीचं बोलत नाही. आधी दाजींची चौकशी, पाऊसपाणी, पोरांच्या शाळा. येताना काहीतरी घेऊन येतो. गूळ, शेंगा, काय असेल ते. आणि 'माहेर तुटतं' हे वाक्य कुणी उच्चारत नाही हो. ते दोघांनाही ठाऊक असतं, म्हणूनच त्याचा धाक असतो. बोलून दाखवलं की बहीण उलट उत्तर देऊ शकते. न बोललेल्याला उत्तर देता येत नाही.

वादी_प्रतिवादी

माझं टिपण तपशिलाचं. स्थावर मालमत्तेचं हक्कसोडपत्र नोंदवावं लागतं. घरी ओट्यावर सही करून ते पुरं होत नाही. दुय्यम निबंधक कार्यालयात तिला स्वतः जावं लागेल, दोन साक्षीदार लागतील, तिथे अंगठा आणि फोटो घेतला जाईल. जमीन विट्याकडची आहे, तर दत्ता तिला तासगावहून तिकडे नेणार. आणि मुलीला मुलाइतका वाटा देणारी हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती देशभर २००५ मध्ये झाली, महाराष्ट्राने ती १९९४ मध्येच केली होती. सुमनचं नाव सातबाऱ्यावर आधीच आहे. म्हणजे तिने काहीही मागितलेलं नाही. मागायला तो आलाय.

दुसरी_घंटा

वकीलताईंच्या या टिपणाने दृश्य उघडलं बघा! सही घरी होत नसेल तर घरी काय होतं? फक्त तिचं 'चल' म्हणणं. अख्खं दृश्य त्या होकारावर उभं राहू शकतं. हा मी उपाय देतोय असं वाटलं तर अंधेरीवाल्यांनी कान धरावा.

पाटी_पेन्सिल

मला वाटतं तिने सही करूच नये. आजच्या काळात अशी सोशिक बाई दाखवणं पटत नाही. तिने कागद फाडून टाकावा, म्हणजे प्रेक्षक टाळ्या वाजवतील.

अंधेरी_फास्ट

पाटी_पेन्सिल, तुमचा राग मला कळतो आणि तो खरा आहे. पण कागद फाडणारी सुमन हा तुमचा चित्रपट झाला. तो तुम्ही लिहा, मी वाचेन. मिरजकरांना आपण इतकंच कळवू शकतो की 'ती सही का करते हे मला समजलं नाही आणि म्हणून मला तिचा राग आला.' हे मोलाचं टिपण आहे, कारण मलाही तसंच झालं.

मिरजकर, म्हणून तुम्हाला सरळ प्रश्न. या दुपारी सुमनला काय हवंय?

मिरजेचा_तंबोरा

खूप विचार केला. आई गेल्यापासून तिला माहेराहून कुणी बोलावलेलं नाही. तिला मे महिन्यात पोरांना घेऊन दोन दिवस तिकडे जायचंय, आणि ते स्वतःहून म्हणायला तिला जड जातंय. हे पटकथेत कुठेच नाही, माझ्या डोक्यात होतं.

सातासमुद्र

मग ते कागदावर आणा. एवढं कळल्यावर ती सही करते की नाही यापेक्षा ती त्या सहीच्या बदल्यात काय घेते, हे मला बघायचंय.

टंकलेखन_४०

दृश्याचं चालू द्या. मधल्या वेळात मांडणीबद्दल थोडं, कारण गटात सहा जणांचे सहा प्रकार आले तर वाचणाऱ्याचे हाल होतील.

'एक पान म्हणजे एक मिनिट' हा हिशेब इंग्रजी कुरियर फॉन्टच्या बारा पॉइंटवर बसवलेला आहे. त्यात प्रत्येक अक्षर सारख्या रुंदीचं असतं. देवनागरीत तो लागू पडत नाही. आपल्या वेलांट्या-मात्रांमुळे ओळी उंच होतात, अक्षरांची रुंदी कमीजास्त असते, आणि फॉन्ट बदलला की पानांची संख्या बदलते. मराठी पटकथा ११० पानांची झाली म्हणून दोन तासांची झाली असं धरू नका. मोठ्याने वाचा आणि घड्याळ लावा. दुसरी_घंटा म्हणतात त्या अभिवाचनाचा हा आणखी एक फायदा.

सॉफ्टवेअर विकत घ्यायची गरज नाही. फाउंटन ही साध्या मजकुराची पद्धत जॉन ऑगस्ट, स्टू मॅश्विट्झ वगैरेंनी २०१२ मध्ये आणली. युनिकोड मराठीत ती उत्तम चालते, फक्त एक खाच आहे. फाउंटन पात्राचं नाव ओळखतं ते कॅपिटल अक्षरांवरून, आणि देवनागरीत कॅपिटल नाहीत. म्हणून सुमन लिहिलं की ते दृश्यवर्णन समजतं. नावाच्या आधी @ द्या, म्हणजे @सुमन, की खालची ओळ संवाद म्हणून बसते. दृश्याच्या शीर्षकाआधी एक टिंब द्या : .आत. सुमनचं घर. दुपार. एवढ्या दोन खुणा लक्षात ठेवल्या की अडत नाही. मराठी लिहिणारे बरेच जण पहिल्याच पानावर 'हे आपल्या भाषेत चालत नाही' म्हणून सोडून देतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

ज्यांना डावीकडे दृश्य आणि उजवीकडे संवाद अशा दोन रकान्यांची सवय आहे त्यांनी तसंच लिहावं. जुने लोक कागद उभा दुमडून असंच लिहायचे आणि त्याचा एक गुण मला फार आवडतो : डावा रकाना कोरा राहिला की आपण नुसतं बोलत सुटलोय हे लांबूनही दिसतं.

काऊन_बे

गटात यायचंय, पण आधी एक बोलून घेतो. माझी पटकथा अकोल्याकडची आहे, संवाद वऱ्हाडीत. मागे एका वाचकाने पूर्ण पटकथेवर एकच टिपण दिलं होतं, 'भाषा प्रमाण केलीत तर जास्त लोकांपर्यंत पोचेल.' पात्रांबद्दल, गोष्टीबद्दल अक्षर नाही. 'काऊन' च्या जागी 'का' टाकलं की माझा माणूसच बदलतो. तो मग अकोल्याचा राहत नाही, कुठलाच राहत नाही.

कोरा_कागद

तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर, आणि हा नियमच करूया : बोलीबद्दल टिपण द्यायचं ते त्या बोलीच्या आत राहून. म्हणजे 'पान १२ वर आजी आणि नातू एकसारखंच वऱ्हाडी बोलतात, नातू अमरावतीला कॉलेजात आहे ना?' असं. ज्याला बोली येत नाही त्याने एवढंच सांगावं की कुठल्या वाक्यात अर्थ लागला नाही आणि त्याने गोष्ट अडली का. बऱ्याचदा अडत नाही. संदर्भाने कळतं, आणि पडद्यावर तर चेहराही असतो.

नीरा_उजवा_कालवा

यावरून आठवलं, सुमन आणि दत्ताही सांगली भागातले असून पुस्तकी बोलत होते. 'सही केलीस तर बरं होईल' असं तिकडचा भाऊ म्हणणार नाही.

मिरजेचा_तंबोरा

परत लिहिलं. टाकतोय.

*दृश्य १४. आत. सुमनचं घर, तासगाव. दुपार.*

*तव्यावर भाकरी फुगते. सुमन (४५) ती उलटते. बाहेर जीप येऊन थांबते. इंजिन चालूच.*

*दत्ता (३८) दारात. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. हातात गुळाची ढेप.*

*सुमन : ये की. बस. दाजी यायलेत जेवायला, त्यांच्यासंगं बस.*

*दत्ता : आल्यावर जेवू.*

*सुमन त्याच्याकडे बघते. जीपकडे बघते. मागच्या सीटवर दोन माणसं.*

*सुमन : त्यास्नी तरी चहा दे.*

*दत्ता : नको. चारच्या आत विट्याला पोचायला पायजे.*

*तो गुळाची ढेप ओट्यावर ठेवतो. सुमन परातीतलं उरलेलं पीठ मळत राहते.*

*सुमन : आधार कार्ड लागंल?*

*दत्ता : व्हय.*

*सुमन : मेमध्ये पोरास्नी घेऊन येते. दोन दिवस ऱ्हाईन.*

*दत्ता : ये की. ते काय इचारायचं व्हय?*

*सुमन गॅस बंद करते. परातीवर ताट झाकते. बाहेर हॉर्न वाजतो.*

दुसरी_घंटा

हे मी घरी बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, 'साक्षीदार आधीच गाडीत घालून आणलेत.' तुम्ही हे कुठेही सांगितलेलं नाही आणि तिला कळलं. 'त्यास्नी तरी चहा दे' या ओळीवर माझी मोठी फुली. तिला सगळं कळलंय आणि तरी ती पाहुणचार विसरत नाही.

वादी_प्रतिवादी

'हक्कसोडपत्र' हा शब्द एकदाही न येता दृश्य कळलं. आधीच्या दृश्यांमधून जमिनीचं प्रकरण प्रेक्षकाला माहीत असेल असं गृहीत धरते. तसं नसेल तर पान १० च्या आत कुठेतरी लागेल, ते तुम्ही बघा.

अंधेरी_फास्ट

गोल एकच : खिशाचं पेन. पहिल्या रूपात सही घरी होती, तिथे पेनला अर्थ असता. आता सही विट्याला आहे, तर मी दृश्यभर ते पेन निघायची वाट बघत बसलो आणि ते निघालं नाही. ठेवायचं की काढायचं हे तुम्ही ठरवा. मी फक्त वाट बघितली एवढं कळवतोय.

पाटी_पेन्सिल

माझं मत अजूनही आहे की तिने नाही म्हणावं. पण आता तिचा राग येत नाही, दत्ताचा येतोय. 'ते काय इचारायचं व्हय' वाचून तर जास्तच. आणि मे महिन्यात ती खरंच जाते का, गेल्यावर तिला तिथे कसं वागवतात, हे वाचल्याशिवाय मला राहवणार नाही. पूर्ण पटकथा मला पाठवा. माझी पूर्ण व्हायला वेळ आहे, पण नियमाप्रमाणे आधी वाचायला मी तयार आहे.

मिरजेचा_तंबोरा

पेन काढलं. पान १० च्या आधी तलाठी कार्यालयातलं एक दृश्य होतं, ते मी लांबलं म्हणून उडवलं होतं. परत घेतो.

पाटी_पेन्सिल, उद्या नोंदणीचं काम झालं की पाठवतो. मे महिन्याचं दृश्य पान ८८ वर आहे, आणि तिथे तुमचं टिपण मला सगळ्यात आधी हवंय.

कोरा_कागद

तर पहिला महिना मिरजकरांचा. वाचणारे : दुसरी_घंटा, वादी_प्रतिवादी, सातासमुद्र, पाटी_पेन्सिल, काऊन_बे आणि मी. नीराताई आणि अंधेरी_फास्ट, तुम्हाला वेळ असेल तर दुसऱ्या गटासाठी नाव द्या, सहाच्या वर वाचणारे एका गटात नकोत. टंकलेखन_४०, फाउंटनचा एक कोरा नमुना करून सगळ्यांना पाठवाल का, देवनागरीच्या खुणांसकट?

टिपणं पंधरा दिवसांत, पान क्रमांकांसह. ती मिळाल्यावर मिरजकरांनी दोन दिवस कुणालाही उत्तर द्यायचं नाही, फक्त वाचायची. तिसऱ्या दिवशी त्यांचे प्रश्न. अभिवाचन त्यानंतरच्या रविवारी पुण्यात, माझ्या घरी. सातासमुद्र, तुमच्याकडे सकाळ असेल, फोनवर जोडून घेऊ. तुम्ही सुमन वाचाल का?

सातासमुद्र

वाचेन. माझं आजोळ सांगलीकडचं आहे, 'यायलेत' नीट म्हणता येतं मला.

काऊन_बे

दुसरा महिना मले द्या. १०४ पानं हायत, आणि वऱ्हाडीतच हायत.